अडवलेले पाणी कोणाचे?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही दोन मोठी धरणे आहेत. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा फार मोठा वाटा इथून जातो. पावसाळ्यात या भागात २,००० ते २,५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या डोंगराकडेच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला वर्षाकाठी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो, तोही बेभरवशाचा, आणि त्या गावाने टँकर कधीचाच मागे टाकला आहे. टंचाई नुसत्या पावसावर ठरत असती, तर या दोन ठिकाणची परिस्थिती नेमकी उलटी असायला हवी होती.

गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राने पाणी अडवण्याचे आणि जिरवण्याचे जेवढे प्रयोग केले, तेवढे देशातल्या फार थोड्या राज्यांनी केले असतील. समतल चर, माती नाला बांध, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, वनराई बंधारे, गॅबियन, शेततळी, नाला खोलीकरण अशी ही यादी कोणताही कृषी सहायक घडाघडा म्हणून दाखवील. कामे झाली आणि त्यांतली बरीचशी चांगलीही झाली. मग काही गावांत पाणी टिकले आणि शेजारच्याच गावात तीन-चार वर्षांत पुन्हा हंडे बाहेर आले, असे का झाले? या पद्धतींचा आढावा घ्यायचा तर हा प्रश्न टाळून चालणार नाही.

आधी आभाळ आणि जमीन. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात खऱ्या अर्थाने पावसाचे दिवस जेमतेम चाळीस-पन्नास, आणि त्यातही मोठा हिस्सा काही तासांच्या मुसळधार सरींत पडून जातो. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी आले. हिवरे बाजारचे क्षेत्र हजार हेक्टरला थोडे कमी आहे. ४०० मिलिमीटरच्या हिशेबाने त्या गावाच्या अंगावर वर्षाला जवळजवळ ३९० कोटी लिटर पाणी पडते. ते चार महिन्यांत येते आणि बारा महिने पुरवायचे असते.

साठवायचे कुठे, ही पुढची अडचण. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीसारखी शेकडो मीटर खोल पाण्याची कोठी इथे नाही. वरचा मुरूम आणि त्याखालच्या खडकातल्या भेगा, सांधे यांत जेवढे मुरेल तेवढेच पाणी. त्याखाली कठीण पाषाण लागतो. म्हणून इथल्या विहिरी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरतात आणि फेब्रुवारीत तळ दाखवतात. कोकणात पाऊस भरपूर, पण जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून तो बघता बघता खाडीला मिळतो. उघड्यावर साठवावे, तर उन्हाळ्याच्या झळा वर्षाला दीड-दोन मीटरचा थर उडवून नेतात. उथळ तळ्याचे तर निम्मे पाणी असेच जाते.

या परिस्थितीवर जुन्या लोकांनी काढलेले तोडगे आजही थक्क करतात. कान्हेरीच्या लेण्यांत बहुतेक विहारांजवळ कोरलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, आहेत. खडकातल्या पन्हळींतून डोंगरावरचे पाणी त्यांत उतरते. गडांवरच्या टाक्यांनी वेढ्याच्या काळात शिबंदी जगवली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात नळ आला. मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर खेळवली.

पण मुख्य विषयाच्या दृष्टीने या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती खानदेश आणि नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम अशा नद्यांवर दगडी बंधारे घातलेले, त्यांतून पाट काढलेला, आणि पाटाखालचे रान फडांत वाटलेले. सहसा चार फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, मग तिथे जमीन कोणाचीही असो. यंदा एका फडात ऊस असला तर पुढे त्याची जागा दुसरे पीक घेणार, असा फेरा चाले. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. प्रत्येक कुटुंबाच्या पट्ट्या बहुधा वेगवेगळ्या फडांत असत. पाऊस कमी झाला की एखादा फड पडीक ठेवायचा, आणि त्याची झळ सगळ्यांना वाटून घ्यायची. तीनशेहून अधिक वर्षे हा कारभार चालला. तो चालवण्यासाठी सरकारी पाटकऱ्याची गरज भासली नाही. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, रानोरान विहिरी झाल्या, ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले आणि फड मोडत गेले. बंधारे बऱ्याच ठिकाणी अजून उभे आहेत, नाहीशी झाली ती वाटणी.

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांचीही तीच कथा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, अशा साखळ्या त्यांनी उभ्या केल्या आणि त्यांवर धान पिकवला. मालगुजारी १९५०-५१ च्या सुमारास संपली, तलाव सरकारजमा झाले आणि नावही ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलीत ‘मामा तलाव’ पडले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. पूर्वी उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढत असे, पाळ दुरुस्त करत असे. तलाव खात्याचा झाल्यावर गाळही खात्याचा झाला. आज या तलावांतला गाळ काढायला योजना आहेत, निधीही येतो, पण उपसलेला तलाव सांभाळणार कोण, याचे उत्तर प्रत्येक गावाला नव्याने शोधावे लागते.

१९७२ चा दुष्काळ हा आधुनिक जलसंधारणाचा उंबरठा. रोजगार हमीच्या कामांवर लाखो हातांनी पाझर तलाव, बांध आणि रस्ते उभे केले. भुकेल्या माणसांना काम देणे हा त्या कामांचा पहिला हेतू होता आणि तो त्यांनी पार पाडला. त्यासाठी या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र जागा निवडताना खडक पाहायला सवड नव्हती. अनेक पाझर तलाव पाझरलेच नाहीत, अनेक पाच-सात पावसाळ्यांत गाळाने भरले. वरचा डोंगर उघडा ठेवून खाली तलाव बांधला की डोंगराची माती तलावात येणारच. तिथून ‘माथा ते पायथा’ हे सूत्र पक्के झाले: आधी माथ्यावर चर आणि झाडे, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे. राळेगणसिद्धीने १९७५ नंतर हे करून दाखवले. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि जालन्याच्या कडवंचीसारख्या कोरड्या गावात द्राक्षाच्या बागा आल्या.

माथ्यावरचे हे काम दिसायला अगदी साधे, करायला नाजूक. उतारावर समान पातळीची रेघ शोधायची असते. त्यासाठी दोन काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा, आणि दोन्हींना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी एवढे साहित्य पुरते. एक जण जागेवर उभा राहतो, दुसरा काठी घेऊन उतारावर खालीवर सरकतो. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच खुणेवर स्थिरावले की तिथे फक्कीचा ठिपका. मग पहिला पुढे जातो. असे ठिपके जोडत गेले की डोंगराच्या अंगाने वळणे घेत एक पांढरी रेघ तयार होते. तिच्यावर चर खणायचा आणि माती खालच्या बाजूला रचायची. रेघ जराशी चुकली तर चरातले सगळे पाणी सखल टोकाला गोळा होते, बांध फोडते आणि खालचेही चर वाहून नेते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात शेकडो मीटर ही रेघ बिनचूक आखणाऱ्या गावकऱ्यांचे कौशल्य कोणत्याही सर्वेक्षकाच्या तोडीचे असते.

अशा श्रमाला सगळ्यात मोठी उभारी दिली ती २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनने भरवलेल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेने. पहिल्या वर्षी वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. साताऱ्याच्या कोरेगावातले वेळू पहिले आले. नंतरच्या वर्षांत स्पर्धा डझनावारी तालुक्यांत पसरली. वर्षानुवर्षे एकमेकांच्या बांधावर न गेलेली माणसे पहाटे फावडी घेऊन एकत्र डोंगरावर गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

याच सुमारास, डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान राज्यभर चालू होते. दर वर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट, २२ हजारांहून अधिक गावे, नऊ हजार सहाशे कोटींवर खर्च. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिले की गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे आणि भूजलपातळी उंचावणे यांवर अभियानाचा परिणाम फारसा झालेला नाही. राजकारण बाजूला ठेवून यामागचे कारण पाहायला हवे. काम घनमीटरमध्ये मोजले जाते. पोकलेन नाल्यात उतरवला की आठवड्यात हजारो घनमीटर खोदाई दाखवता येते. डोंगरावरच्या चराला महिने लागतात आणि आकडा छोटा निघतो. साहजिकच यंत्रे नाल्याकडे वळली.

नाला खोलीकरण सरसकट वाईट आहे असेही नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी केली आणि त्या भागातल्या विहिरींना पाणी आले. पण तो तिथल्या भूस्तराचा विचार करून केलेला उपाय होता. तोच साचा दुसरीकडे आंधळेपणाने वापरला आणि मुरमाचा पाणी धरणारा थर कापून नाला खाली नेला, तर काठच्या विहिरींतले पाणी नाल्यात उतरते आणि तिथून उडून जाते. वाळू उपसलेल्या, खडक उघडा पडलेल्या अशा नाल्यात पाणी चकाकताना दिसते आणि छायाचित्रही छान येते. विहिरी मात्र आधीपेक्षा लवकर आटतात.

शेततळ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी शेताच्या कोपऱ्यात थांबवायचे, खंड पडला तर पिकाला एक-दोन पाळ्या द्यायच्या, हा मूळ विचार उत्तम. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ मिळू लागले. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात तळ्याला प्लास्टिकचे अस्तर आले, भिंती जमिनीच्या वर चढल्या, आणि ओढ्याचे पाणी आत यायला वाटच उरली नाही. तळे भरते ते विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीने. म्हणजे जमिनीखाली, उन्हापासून सुरक्षित असलेले सगळ्यांचे पाणी वर काढायचे आणि एकाच्या मालकीच्या उघड्या तळ्यात ठेवायचे. डाळिंबाची बाग जळाली तर शेतकऱ्याची अनेक वर्षांची कमाई जाते, त्याची भीती खोटी नाही. पण एकाने तळे भरले की शेजाऱ्यालाही भरावेच लागते, आणि ही चढाओढ संपते ती भूजल संपल्यावर. अनुदान देताना तळ्यात पाणी कुठून येणार, एवढे तपासले असते तरी बराच फरक पडला असता.

खरे तर पावसाची सर्वांत मोठी साठवण शेतातल्या मातीतच असते. त्यावर भाषणे होत नाहीत, कारण उद्घाटन करण्यासारखे काही नसते. सोलापूरच्या खोल काळ्या रानात ऑगस्टअखेरीचा पाऊस वाफ्यांत अडवून त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी येते, तीही एकही पाणी न देता. तिथल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने या सपाट वाफ्यांची शिफारस कधीपासून केली आहे. मराठवाड्यात सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरले तर कमी पावसात सरीत ओल टिकते आणि जास्त पावसात जादा पाणी निघून जाते. पावसाचे खंड आणि ढगफुटीसारख्या सरी एकाच हंगामात येऊ लागल्या असताना दोन्हीकडून सांभाळणारी ही पद्धत सोन्यासारखी आहे.

ठिबकाचे मात्र सावधपणे बोलावे लागते. पिकाच्या मुळाशी मोजके पाणी देणारे हे तंत्र जळगावच्या केळीपासून सांगलीच्या उसापर्यंत पोचले आणि त्याने उत्पादन वाढवले. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ओलिताखाली आणतो. मग एकूण उपसा जिथल्या तिथे राहतो, कधी वाढतोही. उसाचा हिशेब तर सर्वांना ठाऊक आहे: कृषी मूल्य आयोगानेच नोंदवले होते की राज्याच्या पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागा घेणारा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. हमखास खरेदी आणि ठरलेला दर उसाला आहे. ज्वारीला, तुरीला, करडईला तसा भरवसा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी उभी होती.

आता पाणी टिकवणाऱ्या गावांकडे वळू. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार अभियंते. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली दैना पाहून त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली. तिथे त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, विहीर काढली. इथपर्यंत नवे काही नव्हते. नवी होती ती पाणी पंचायतीची नियमावली. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, माणशी मिळेल: डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींचा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आज पन्नास वर्षांनंतरही पाण्याची मालकी जमिनीपासून सोडवून माणसाला देण्याचे एवढे धाडस कोणत्याही सरकारी योजनेत दिसत नाही.

हिवरे बाजारने हेच तत्त्व वेगळ्या वाटेने आणले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर चर खणले, झाडे लावली. त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ऊस-केळी नाकारली. पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावातल्या पर्जन्यमापकाची नोंद आणि निरीक्षण विहिरींची पातळी पाहायची. आधी माणसांचे पिण्याचे, मग जनावरांचे, आणि उरलेल्यात रब्बीला किती क्षेत्र, कोणती पिके हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी तर गहू-कांद्याचे क्षेत्र कमी. मोठ्या जमीनदारालाही ते पाळावे लागते. चर तर शेजारच्या अनेक गावांनीही खणले. हिवरे बाजार वेगळे ठरले ते या ऑक्टोबरच्या बैठकीमुळे. वॉटर कप भरवणाऱ्या पानी फाउंडेशननेही पुढच्या ‘समृद्ध गाव’ स्पर्धेत ताळेबंदाला स्थान दिले, यातच या अनुभवाचे वजन कळते.

मोठ्या धरणावरही असे घडू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाच्या शेपटाकडे, ओझरच्या बाजूला, कालव्याचे पाणी पोचतच नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ मध्ये तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी एकरावर न मोजता घनमीटरने मोजून घेतले, वाटप संस्थेने केले, नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचे पाणी विहिरींत मुरवले. पुढे सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. महाराष्ट्राने २००५ मध्ये यासाठी कायदाही केला. वाघाडसारखी उदाहरणे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

शहरांचा वाटा या आढाव्यात थोडक्यात येतो, कारण तिथे झालेले कामही थोडकेच आहे. शंभर चौरस मीटरच्या छतावर ६०० मिलिमीटर पावसात पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागते. बांधकाम नियमावलीत छतावरचे पाणी मुरवण्याची सक्ती आहे, पण भोगवटा पत्र मिळाल्यावर मुरवणीचा खड्डा पुन्हा कोणी उघडून पाहत नाही. खरी मोठी संधी सांडपाण्यात आहे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. रोज १३ कोटी लिटरचा तो प्रकल्प आहे, आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी, शेतीसाठी मोकळे होते. धरणातून दर वर्षी जादा पाणी मागणाऱ्या प्रत्येक महापालिकेला आधी हा हिशेब विचारायला हवा.

राज्याचा भूजल कायदा २००९ चा. तो प्रत्यक्ष लागू व्हायला २०१४ उजाडले. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर निर्बंध आहेत, अधिसूचित क्षेत्रांत पीक आराखडा आहे आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती आहे. ही शेवटची तरतूद फार मोलाची, कारण जमिनीखालचा पाण्याचा थर गावाची शीव ओळखत नाही. एका गावाने बोअरबंदी पाळली आणि वरच्या गावाने पाचशे फुटांवर बोअर मारले, तर पहिल्याचे सगळे कष्ट दुसऱ्याच्या मोटारीतून बाहेर पडतात. अटल भूजल योजनेतून राज्याच्या तेरा जिल्ह्यांत गावोगावचे ताळेबंद मांडायला सुरुवात झाली; ग्रामपंचायतीच्या भिंतींवर आकडेही रंगवले गेले. पण ताळेबंदात तूट दिसली तरी कोणाची मोटार थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळालेला नाही. एका थरावर पाणी पिणाऱ्या तीन-चार गावांनी एकत्र बसून, रब्बीची पेरणी होण्याआधी, उपशाची मर्यादा ठरवायची आणि ती मोडणाऱ्याला त्याच समितीने जाब विचारायचा, ही तरतूद कायद्याच्या पुस्तकातून निघून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत निदान एखाद्या तालुक्यात तरी चालू व्हायला हवी.